फासबिंडरचा ‘अली’ आणि प्रतिनिधित्वाची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ हा राइनर वेर्नर फासबिंडर (1945–1982) यांचा 1974 सालचा पश्चिम जर्मन चित्रपट. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये तो बहुतेक ‘अली’ या नावानेच ओळखला जातो. जुन्या युरोपीय चित्रपटात कोणाला जागा मिळाली, कोणाला नाही आणि ती कशी मिळाली हे तपासायचं असेल तर सुरुवात या चित्रपटापासून करावी. चर्चेत वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

हाच चित्रपट का?

कारण इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. परक्या माणसाकडे समाज कसा बघतो, याची इतकी नेमकी तपासणी त्या काळच्या फार थोड्या चित्रपटांनी केली. आणि त्याच परक्या माणसाबद्दल बरंच काही सांगायचं या चित्रपटात राहूनही गेलं आहे. एकच बाजू धरून लिहिलेलं परीक्षण इथे टिकत नाही. वंश, वय, वर्ग, लिंग आणि भाषा असे पाचही धागे 93 मिनिटांत गुंतलेले असल्यामुळे सरावासाठी तो फार उपयोगी पडतो.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

म्युनिक शहर. साठीची विधवा एमी कुरोव्स्की (ब्रिगिट्टे मिरा) साफसफाईची कामं करते. पावसामुळे ती परदेशी कामगारांच्या एका बारमध्ये शिरते आणि तिथे तिच्याहून वीसएक वर्षांनी लहान असलेला मोरोक्कन मेकॅनिक अली (एल हेदी बेन सालेम) तिच्याबरोबर नाचतो. दोघं लग्न करतात. मुलं, शेजारणी, किराणावाला, बरोबरच्या कामगार बायका असे सगळे तोंड फिरवतात. दोघं सुट्टीवर जाऊन येतात, आणि तेव्हा प्रत्येकाला एमीची काही ना काही गरज पडलेली असते, म्हणून सगळे गोड वागू लागतात. तडे खरे तिथून पुढे जातात, आणि ते त्या दोघांच्या आत जातात.

पार्श्वभूमी किती माहीत हवी?

थोड्या तारखा पुरतात. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, 1963 मध्ये मोरोक्कोशी आणि 1968 मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगार आणण्याचे करार केले. अशा कामगारांना ‘गास्टआर्बायटर’ म्हणत, म्हणजे पाहुणे कामगार. काम संपलं की पाहुण्याने परत जायचं, हे त्या शब्दातच गृहीत होतं. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पॅलेस्टिनी गटाने इस्रायली खेळाडूंवर हल्ला केला तो 1972 साली. त्यानंतर त्या शहरात अरब दिसणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने बघत, हे ध्यानात ठेवूनच चित्रपट पाहावा. चित्रीकरण 1973 च्या सप्टेंबरात साधारण दोन आठवड्यांत उरकलं. 23 नोव्हेंबर 1973 ला जर्मन सरकारने नवी कामगारभरती बंद केली. म्हणजे चित्रपट लोकांपुढे आला तोवर पाहुण्यांसाठी दार लागलेलं होतं.

किती वेळा पाहायचा?

तीन वेळा. पहिल्यांदा वही मिटून पाहा. अस्वस्थ कुठे झालात ते फक्त डोक्यात राहू द्या. दुसऱ्यांदा तक्ता घेऊन, थांबवत थांबवत पाहा, त्याला तीन ते चार तास लागतात. तिसऱ्यांदा पाचच प्रसंग, आवाज पूर्ण बंद करून: सुरुवातीचा बार, मुलांना नवरा दाखवण्याचा प्रसंग, पिवळ्या खुर्च्यांचं बागेतलं कॅफे, घरी अलीचे दंड चाचपण्याचा प्रसंग आणि नवी सफाई कामगार योलांडा जिन्यात एकटी बसते तो. आवाज बंद केला की कोण कोणाकडे बघतंय ते आपोआप दिसू लागतं. या चित्रपटाचा अर्धा अर्थ त्या बघण्यात आहे.

तक्त्यात कोणते रकाने असावेत?

सात पुरे: वेळ (मिनिट आणि सेकंद), प्रसंग, फ्रेममध्ये कोण, बोलतं कोण, कोणत्या भाषेत, बघतं कोण, बघितलं कोणाला जातं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात, आणि तिथेच तपासणी फसते.

सगळा चित्रपट भरायला वेळ नसेल तर दर 30 सेकंदांनी एक फ्रेम थांबवून नोंदवा. 93 मिनिटांच्या 186 फ्रेम होतात. दोघांनी काम वाटून घेतलं तर एका संध्याकाळीत होतं.

मोजणीत नेहमी काय चुकतं?

पहिली चूक प्रतीची. काही युरोपीय डीव्हीडी आणि टीव्ही प्रती सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमच्या वेगाने चालतात, त्यामुळे 93 मिनिटांचा चित्रपट साधारण 89 मिनिटांत संपतो. एकाने एक प्रत आणि दुसऱ्याने दुसरी घेतली तर वेळा जुळणारच नाहीत. दोघांनी एकच प्रत घ्यावी आणि तिची लांबी अहवालात लिहावी.

दुसरी चूक व्याख्येची. ‘बोलणारं पात्र’ म्हणजे कोण? एक शब्द स्पष्ट ऐकू आला तरी पुरे, असं आधी ठरवून टाका. नाही तर बारमधले अलीचे मित्र एकाच्या यादीत येतात आणि दुसऱ्याच्या यादीत येत नाहीत. पहिली दहा मिनिटं दोघांनी वेगवेगळी मोजून आकडे ताडून पाहा. जिथे फरक पडतो तिथे व्याख्या ढिली आहे असं समजून ती घट्ट करा आणि मगच पुढे जा.

तिसरी चूक जास्त खोल आहे. गप्प उभं राहून टक लावणारी माणसं ‘पार्श्वभूमी’ म्हणून सोडून दिली जातात. या चित्रपटात ती पार्श्वभूमी नाहीत. कॅफेमध्ये दूर रांगेने उभे असलेले, तोंडातून शब्द न काढणारे वेटर त्या प्रसंगाचे खरे कर्ते आहेत. त्यांची गणती वेगळी ठेवा.

बेक्डेल कसोटी लावून उपयोग आहे का?

आहे, पण ‘उत्तीर्ण’ असं लिहून पुढे जाण्यासाठी नाही. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या 1985 सालच्या चित्रपट्टीतून (कॉमिक स्ट्रिपमधून) आलेली ही कसोटी तीन गोष्टी विचारते: दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज कशाबद्दल बोलतात का. (दोघींना नाव असावं ही अट नंतर जोडली गेली.) एमी आणि तिच्या सहकारी बायका इथे सहज पास होतात.

आता पास करणारं ते संभाषण कोणतं आहे ते बघा. उत्तरार्धात बायका जिन्यात बसून पगारवाढीचं बोलतात. युगोस्लाव्हियातल्या हर्त्सेगोविनाहून आलेली नवी कामगार योलांडा कमी पगारावर आहे, म्हणून तिला बाजूला ठेवूनच हे ठरवायचं असतं. एमी त्या घोळक्यात आहे. थोड्या दिवसांपूर्वी याच जिन्यात बायकांनी एमीला एकटं पाडलं होतं, तेव्हा कॅमेऱ्याने तिला कठड्याच्या गजांमागून दाखवलं होतं. आता गजांमागे योलांडा आहे. बायका पुरुषाबद्दल बोलत नाहीत हे खरं, पण त्या जे करताहेत ते वगळणंच आहे. कसोटी ही गोष्ट पकडू शकत नाही, कारण ती त्यासाठी बनलेलीच नाही.

मुस्लिम पात्रांसाठीची रिझ कसोटी?

अभिनेते रिझ अहमद यांच्या 2017 च्या ब्रिटिश संसदेतल्या भाषणातून प्रेरणा घेऊन 2018 मध्ये ही कसोटी आली. ओळखण्याजोगं मुस्लिम पात्र दहशतवादाशी जोडलेलं, विनाकारण संतापी, मागासलेलं, पाश्चात्त्य जगण्याला धोका असलेलं, किंवा (पुरुष असल्यास) बायकांचा द्वेष करणारं आणि (स्त्री असल्यास) पिचलेलं दाखवलं आहे का, असे तिचे प्रश्न आहेत. अलीच्या बाबतीत पाचही उत्तरं ‘नाही’ येतात. त्याच्याबद्दल असं काहीबाही समजणारी माणसं गोष्टीत आहेत, चित्रपट मात्र त्यांच्या बाजूला उभा राहत नाही. एक नोंद जरूर करा: अलीचा धर्म पडद्यावर जवळजवळ नाहीच. साचा नाही हे चांगलं, पण रिकामी जागा म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

अलीची मोडकी जर्मन हा त्याचा अपमान नाही का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सबटायटल वाचून त्याचं उत्तर मिळत नाही. शीर्षकापासूनच बघा. शुद्ध जर्मनमध्ये क्रियापद ‘इस्ट’ हवं, शीर्षकात ‘एसेन’ आहे. अली क्रियापदं चालवत नाही, मूळ रूपात ठेवतो. मराठीत त्याच्या जवळ जायचं तर ‘भीती आत्मा खाते’ म्हणून चालणार नाही, ‘भीती आत्मा खाऊन टाकणे’ म्हणावं लागेल. ‘फिअर ईट्स द सोल’ या इंग्रजी शीर्षकाने व्याकरण दुरुस्त करून टाकलं आणि त्या दुरुस्तीत माणूस हरवला.

हे शब्द अलीचे आहेत. एमी आपल्याला भीती वाटते म्हणते तेव्हा तो हे सांगतो. चित्रपटातलं सगळ्यात खोल वाक्य व्याकरण न येणाऱ्याच्या तोंडी आहे आणि चित्रपटाचं नाव तेच आहे, ही त्याची थोरवी. मालक जर्मन आणि कुत्रा अरब, हे नातंही तो दोन-दोन शब्दांत मांडून जातो.

पण दुसरी बाजू सोडू नका. मोडक्या भाषेतला माणूस नेहमी छोटी, सुभाषितासारखी वाक्यं बोलतो, म्हणून तो साधाभोळा आणि शहाणा वाटू लागतो. मातृभाषेत हाच अली गप्पिष्ट असेल, चेष्टेखोर असेल, रागावून भांडतही असेल. तो अली आपल्याला फार कमी भेटतो. तक्त्यातला भाषेचा रकाना इथे कामी येतो: अली अरबीत किती वेळ बोलतो आणि त्यातलं किती सबटायटलमध्ये येतं ते मोजा. वापरत असलेल्या प्रतीत अरबी बोलणं भाषांतराविना सोडलं असेल तर तसं लिहा. आवाज नटाचा स्वतःचा आहे का, हेही श्रेयनामावली आणि जर्मन संदर्भांतून पडताळा. युरोपात नंतर आवाज भरणं त्या काळी सर्रास चाले. जर्मन जाणणारं कोणी हवं असेल तर पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेले पुष्कळ लोक भेटतील. अर्धा तास त्यांच्याबरोबर बसलात तर दहा लेखांपेक्षा जास्त मिळेल.

नावाचं काय?

‘अली’ हे त्याचं नाव नाही. सगळे त्याला अली म्हणतात, इतकंच. विचारल्यावर तो खरं नाव सांगतो: एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा. हे नटाचंही खरं नाव आहे. परीक्षणात पात्राला ‘अली’ म्हणायचं असेल तर एकदा तरी ही गोष्ट लिहा.

द्वेष पात्रांचा आहे की चित्रपटाचा, हे कसं ओळखायचं?

शिवी कोण देतं त्यापेक्षा शिवीनंतर कॅमेरा कुठे थांबतो ते बघा. एमी मुलांना अलीची ओळख करून देते तेव्हा कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो. मग मुलगा ब्रूनो टीव्हीवर लाथ घालतो. आपल्याला अलीचं ‘परकेपण’ बघायला लावलं जात नाही, बघणाऱ्यांचे चेहरे बघायला लावलं जातं. एमीच्या जावयाची भूमिका खुद्द फासबिंडर यांनी केली आहे, आणि तो जावई त्या घरातल्या सगळ्यात ओंगळ माणसांपैकी एक आहे. पोलीस मात्र सभ्यपणे वागतात. शेजारणींना तेही खुपतं. प्रत्येक जर्मन माणूस खलनायक केलेला नाही, म्हणून चित्र खरं वाटतं.

अलीच्या देहाकडे कॅमेरा ज्या रीतीने बघतो त्याबद्दल काय लिहावं?

खरं ते लिहावं, आणि दोन प्रसंग शेजारी ठेवावेत. एकात एमी न्हाणाऱ्या अलीकडे बघते आणि तू फार सुंदर आहेस असं त्याला सांगते. दुसऱ्यात ती सहकारी बायकांना घरी बोलावते आणि त्या त्याच्याभोवती फिरून दंड चाचपतात. तो निघून गेल्यावर हट्टीपणा त्याच्या परकेपणाच्या खात्यावर टाकून ती मोकळी होते. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात मालकी. चित्रपट दुसऱ्याचा निषेध करतो हे उघड आहे. पण पहिल्यात आरशातून दिसणारा उघडा देह कोणाच्या नजरेसाठी आहे? एमीच्या, दिग्दर्शकाच्या की आपल्या? त्या वेळी फासबिंडर आणि बेन सालेम यांचं खाजगी आयुष्यातही नातं होतं, हे जाहीर आहे. कॅमेऱ्यामागे प्रेम होतं आणि सत्ताही होती. आमच्या मते चित्रपट इथे स्वतःच्या आरोपातून पूर्ण सुटत नाही, आणि परीक्षणात ते स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

एमीला ‘पीडित’ म्हणायचं की ‘पीडक’?

दोन्ही, आणि क्रमाने. म्हातारी, गरीब, विधवा, झाडलोट करणारी बाई नायिका म्हणून मधोमध उभी राहते, हे आजही दुर्मीळ आहे. तिचा पहिला नवरा पोलिश कामगार होता, परकं आडनाव ती तेव्हापासून वागवते आहे. आणि हीच एमी आपण नाझी पक्षात होतो हे सहज सांगून जाते, जवळजवळ सगळेच होते म्हणून. लग्नानंतरचं जेवण ती हिटलर जिथे जेवायला येई त्या म्युनिकच्या हॉटेलात घेते, कारण तिला तिथे जायची पहिल्यापासून हौस असते. तिच्या मनात त्यात काही गैर नसतं. पुढे अली कुसकुस मागतो तेव्हा जर्मनीत राहायचं तर इथलं खायची सवय कर, असं त्याला ऐकावं लागतं. कुसकुस करून घालते बारवाली बार्बरा, आणि अली तिच्याकडे जातो. घरातल्या ताटापर्यंत पोचलेला हा वगळण्याचा प्रकार परीक्षणात बहुतेकांकडून सुटतो, कारण तो प्रेम करणाऱ्या माणसाकडून होतो.

पडद्यावर कोण दिसतच नाही?

मोरोक्कन स्त्री. ना बारमध्ये, ना फोटोत, ना पत्रात. अलीचे मित्र दिसतात पण त्यांना स्वतःची गोष्ट नाही. सहाजण एका खोलीत राहतात ही माहिती संवादातून येते, ती खोली आपण बघत नाही. गॅरेज दिसतं ते मुख्यतः एमी तिथे जाते आणि बाकीचे तिची टवाळी करतात त्या प्रसंगासाठी. थोडक्यात, जर्मन घर आतून दिसतं आणि कामगाराचं जग दारातून. गैरहजेरी नोंदवायला तक्त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडा, मोजणीत ती येत नाही.

पडद्यामागे कोण होतं?

लेखन आणि दिग्दर्शन फासबिंडर, छायाचित्रण युर्गेन युर्गेस, संकलन टेआ आयमेस. संकलक स्त्री आहे, याची नोंद घ्या. लेखनाच्या किंवा निर्णयाच्या जागी मोरोक्कन कोणी नाही. बेन सालेम प्रशिक्षित नट नव्हते. चित्रपटाला 1974 च्या कान महोत्सवात समीक्षकांचा ‘फिप्रेसी’ पुरस्कार मिळाला. बेन सालेम 1977 साली फ्रान्समध्ये तुरुंगात वारले. फासबिंडर यांनी आपला शेवटचा चित्रपट 1982 मध्ये त्यांच्या पूर्ण नावाने त्यांना अर्पण केला. नटाच्या आयुष्यातलं दुःख पात्राच्या अर्थात मिसळू नका. त्याला वेगळा परिच्छेद द्या.

‘त्या काळी असंच होतं’ हे उत्तर चालतं का?

नाही. त्या काळी म्युनिकमध्ये हजारो परदेशी कामगार राहत होते. त्यांना विचारता आलं असतं. उलट आजच्या यादीने गुण कापत सुटणंही चूक, कारण मग जर्मन पडद्यावर अली नायक होणं हे किती मोठं पाऊल होतं ते दिसत नाही. त्याच दशकातल्या दुसऱ्या जर्मन चित्रपटाशी तुलना करा, म्हणजे माप आपोआप मिळेल.

आपल्याकडच्या जातीशी तुलना करावी का?

जिन्याचा प्रसंग बघताना मराठी प्रेक्षकाला वेगळं बसवलेलं माणूस, वेगळी ठेवलेली कपबशी आठवणारच. ते आठवणं दाबू नका, चर्चा तिथूनच जिवंत होते. पण अहवालात दोन्ही एक करू नका. अलीचं परकेपण कराराने आणि व्हिसाने ठरलेलं आहे, जातीचं वेगळेपण जन्माने आणि गावाच्या रचनेने. सारखं काय आहे (जेवण, बसण्याची जागा, लग्न) आणि वेगळं काय आहे, असे दोन परिच्छेद करा.

जोडीला काय पाहावं?

डग्लस सर्क यांचा 1955 चा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’. फासबिंडर यांनी विधवेच्या प्रेमाची चौकट तिथून घेतली, टीव्हीसकट. व्हियोला शफीक यांचा 2011 चा माहितीपट ‘माय नेम इज नॉट अली’ बेन सालेम यांचा माग अरब बाजूने काढतो. वेळ एकासाठीच असेल तर हा पाहा. आणि तेव्फिक बाशेर यांचा 1986 चा ‘40 चौरस मीटर जर्मनी’: कामगाराचं घर आतून, त्यात कोंडलेल्या तुर्की बाईसह.

निष्कर्ष कसा लिहायचा? दहापैकी गुण द्यावेत का?

गुण देऊ नका. सहा गुणांवरून कोणाला काही कळत नाही. प्रत्येक विधानाला एक प्रसंग आणि एक वेळ जोडा. ‘चित्रपट स्थलांतरितांबद्दल संवेदनशील आहे’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी असं लिहा: ‘जिन्यातल्या दोन्ही प्रसंगांत कॅमेऱ्याची जागा तीच आहे. आधी गजांमागे एमी, नंतर योलांडा.’ मग त्याखाली तुमचं मत. आठशे ते हजार शब्द पुरतात, त्यातले निदान दोनशे पडद्यावर नसलेल्यांबद्दल असावेत. शेवटचा प्रसंग विसरू नका: अली पोटातल्या अल्सरने कोसळतो, आणि डॉक्टर एमीला सांगतो की परदेशी कामगारांमध्ये हे ताणामुळे नेहमी होतं आणि सहा महिन्यांत तो याच दुखण्याने पुन्हा दवाखान्यात येईल. डॉक्टर हे अलीशी बोलत नाही. तुमच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत अली फ्रेममध्ये आहे, बोलणाऱ्यांत नाही.